शब्द बदलला तेव्हा

"दाखला देणारा कप्तान मेला असेल तर जखम होताना ज्यानं पाहिलं असा माणूस आणा," कारकून मान वर न करता म्हणाला. "साहेब जेवून आले की दुपारी नाव पुकारतील. माणूस असेल तर उभं राहायचं, नसेल तर घरी जायचं."

"मी स्वतः पाहिलं होतं, ते चालत नाही का?" पॅस्कोने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

कारकुनाने आता मात्र वर पाहिलं. समोर उभ्या माणसाचा उजवा हात खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता, आणि डोळे मात्र टेबलावरच्या शाईच्या दौतीवर खिळले होते, जणू ती कशी बनवली हे पाहायलाच तो एवढ्या लांब आला होता. स्वतःची जखम सगळेच पाहतात, असं काहीतरी पुटपुटून कारकुनाने पुढच्या माणसाला हाक मारली.

पॅस्को ट्रेनन हा छपरं शाकारणारा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर वारा असा सुटतो की नुसती पेंढी अंथरून भागत नाही, वरून दोर टाकून त्यांना दगड बांधावे लागतात. तिथली निम्मी घरं पॅस्कोच्या बापाने शाकारलेली आणि उरलेली पॅस्कोने. माणूस कामाचा, पण भारी चौकस. गावात म्हणायचे, पॅस्कोला स्वर्गाच्या दारात उभा केला तर आत जायच्या आधी दाराची बिजागरी पाहील. राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली तेव्हा तो राजाच्या पायदळात गेला, तोही निम्मा हौसेने. नदीपलीकडचा मुलूख कसा असतो हे त्याला पाहायचं होतं. तो मुलूख त्याने पाहिला आणि हात गमावून परत आला.

राजा हरला, आणि मधली वर्षं त्याच्या बाजूने लढलेल्यांना विचारणारं कुणी नव्हतं. पार्लमेंटचे जखमी वर्षासन न्यायचे, आणि राजाचे जखमी मान खाली घालून त्यांच्या शेजारून जायचे. पॅस्कोचं काम त्याची बायको टॅमसिन करू लागली. ती शिडीवर चढायची आणि तो खालून डावा हात हलवत सांगायचा, तिथं दाब, इथं जरा जास्त घे. गाव हसलं, मग सवय झाली. नवा राजा तख्तावर बसला आणि त्याच्या बापासाठी जखमी झालेल्यांना वर्षासन मिळेल असा कायदा निघाला, तेव्हाही ही दोघं उठून गेली नाहीत. चाललंय तर चाललंय. पण गेल्या शरदात टॅमसिन शिडीवरून पडली. बरगड्या जुळल्या, तरी श्वास आखूड झाला तो झालाच. आणि कुणाचं छप्पर गळायला लागलं की ती पुन्हा शिडीकडे बघायची. तिने पुन्हा शिडी चढू नये एवढ्यासाठीच पॅस्को आज तिच्यासह दोन दिवस चालून या कोर्टाच्या गावी आला होता. वर्षासन मिळालं तर ती खाली राहील, नाही मिळालं तर वसंतात पुन्हा वर चढेल, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

कोर्टासमोरच्या खानावळीत टॅमसिन भाकर आणि कांदा घेऊन बसली होती. पॅस्कोने कारकुनाचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे आता मेलेली माणसं उठवायची," ती म्हणाली. "पलटणीतलं कुणी जिवंत राहिलंय का तुमच्या?"

"विचारून पाहायला काय जातं?"

विचारण्यात तर त्याचा हातखंडा होता. तो टेबलाटेबलापाशी जाऊन विचारू लागला, गिरणीच्या पुलावर त्या संध्याकाळी कुणी होतं का. जखमी शिपायांचीच गर्दी होती ती. कुणी दुसऱ्याच लढाईचं नाव सांगितलं, कुणी नुसतीच मान हलवली. शेवटी खानावळीचा मालक हसायला लागला.

"पूल? अहो, पुलावरच्या वीराच्या टेबलाला तर टेकून उभे आहात तुम्ही. बार्टल, तुझा ऐकणारा आला रे."

बार्टल रोझवॉर्न दोन्ही कोपरं टेबलावर पसरून बसला होता. डाव्या गुडघ्याखाली पाय नव्हता, कुबडी भिंतीला लावलेली. वर्षासन न्यायला तो दर खेपेला यायचा आणि आला की ही गोष्ट सांगायचा. गोष्ट ऐकणाऱ्याने सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पाजायची असा तिथला रिवाज पडला होता. न्यायाधीशसाहेबांनीही ती दोनदा भर कोर्टात सांगायला लावली होती म्हणे. पॅस्कोने टॅमसिनकडे पाहिलं. तिने कपाळाला आठ्या घालून रुमालाच्या गाठीतलं नाणं काढून दिलं. प्याला आला आणि बार्टलने सुरुवात केली.

त्या दिवशी म्हणे दोन्ही फौजा नदीच्या दोन काठांना. सगळ्यांचे कपडे सारखेच मळके, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे परवलीच्या शब्दावरून ओळखायचं. सकाळी शब्द दिला होता, 'देव आमच्यासोबत'. आणि दुपारी पकडलेल्या पार्लमेंटच्या एका बंडखोराकडून कळलं की त्या लेकाच्यांनीही नेमका तोच शब्द ठरवलाय.

"देव बिचारा कुणाकडे जाणार?" बार्टल म्हणाला, आणि आजूबाजूचे नेहमीच्या जागी हसतात तसे हसले.

पॅस्को हसला नाही. त्याने हातातला कांदा खाली ठेवला.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय, आमचा शब्द बदलला. कप्तानानं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या कानात सांगितलं, 'राजा आणि कॉर्नवॉल'."

"दुपारी कधी?"

"सूर्य कलला होता. तुला काय करायचंय? संध्याकाळी मी पुलाच्या तोंडाशी पहाऱ्यावर. धुकं उतरलेलं. गिरणीच्या बाजूनं एक जण येतोय, एकटा, खुशाल इकडं तिकडं बघत. मी म्हटलं, शब्द. तर म्हणतो कसा, 'देव आमच्यासोबत'."

"हसत म्हणाला का?" पॅस्कोने विचारलं.

बार्टल थांबला. त्याच्या गोष्टीत इथे कुणी प्रश्न विचारत नसे. "हसत म्हणजे... हो. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला. म्हणूनच तर मला राग आला. बंदुकीत बार नव्हता. दस्ता उचलला आणि घातला. कडाड आवाज झाला, आणि गडी पुलावरून खाली पाण्यात."

"उजव्या खांद्यावर."

"उजव्या खांद्यावर," बार्टल म्हणाला. मग त्याने पहिल्यांदा समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं. त्याची नजर लोंबणाऱ्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

त्या संध्याकाळी प्रवाहाने पॅस्कोला दूर काठाला लावलं, पलटण पुन्हा भेटली नाही, आणि तेव्हापासून अठरा वर्षं त्याला एकच कोडं पडलं होतं. मी शब्द बरोबर सांगितला होता, मग मारलं का? हात गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्याला हे डाचत होतं. टॅमसिनला त्याने ते इतक्या वेळा सांगितलं होतं की ती आताशा ऐकता ऐकता झोपून जायची. मारणारा बंडखोर असणार, असं त्याने मनाशी धरलं होतं, पण ते मनाला पटत नव्हतं. बंडखोर असता तर त्याने शब्द विचारण्यात वेळ कशाला घालवला असता? आणि आज उत्तर समोर बसून त्याच्याच पैशाने सायडर पीत होतं. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी एखाद्या गाठीचं टोक सापडावं तसा त्याला भलताच हुरूप आला.

"म्हणजे शब्द बदलला होता," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही. मी पडलो तेव्हा ओरडलो का रे?"

आजूबाजूचे पुन्हा आपापल्या ताटांकडे वळले होते. गोष्ट संपली असं त्यांना वाटलं. बार्टलचा चेहरा मात्र पांढरा पडला. तो हळूच म्हणाला, "ओरडला नाहीस. 'अरे' म्हणालास फक्त." आणि थोड्या वेळाने, "मी हातानं मारलेला माणूस तू एकटाच. तोही मेला नाही म्हण."

यात सुटकेचा भाव जास्त होता की अपमानाचा, हे पॅस्कोला कळेना. विचारणारही होता, पण तेवढ्यात टॅमसिन उठून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ह्यांचा हात तुम्ही मोडलात," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "आणि त्याची गोष्ट करून सायडर पिताय. मी अठरा वर्षं पेंढ्या वाहिल्या. माझ्या बरगड्या दाखवू का तुम्हाला?"

"टॅमसिन, थांब," पॅस्को म्हणाला. "ह्यांनी पाहिलंय. पाहणारा माणूस हवा होता ना? ह्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असणार?"

बार्टल नकारार्थी मान हलवू लागला. खरं सांगायचं म्हणतोस? मग ऐक, असं म्हणत त्याने बोटांवर मोजत समजावलं. साहेबांना कळलं की पुलावरचा बंडखोर म्हणजे राजाचाच शिपाई होता, तर माझं वर्षासन गेलं. आणि साहेब तुला विचारतील की शब्द बदलला तेव्हा तू रांगेत का नव्हतास. पळून गेलेल्याला काही मिळत नाही, कायद्यात तसंच लिहिलंय.

"कुठं होतास तू?" त्याने विचारलं.

पॅस्को घुटमळला. "गिरणीमागं. तिथल्या छपरांच्या माथ्यावरची आढी वेगळीच होती. आपण दोर टाकतो ना, तर ते लोक पेंढी दोन्ही अंगांना दुमडून वरून हेझलच्या झुडपाच्या काटक्यांनी टाचतात, शंकरपाळ्यासारख्या आकारात. म्हटलं, जवळून बघून येऊ."

बार्टल त्याच्याकडे बघत राहिला. टॅमसिनही. अठरा वर्षांत एवढी एक गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती.

"छप्पर बघायला गेला होतात?" ती म्हणाली.

"चांगलं होतं ग."

तिने डोळे मिटून घेतले. बार्टल कुबडी ओढून उठला. त्याला आता सायडर नको होती. जाता जाता तो पॅस्कोकडे न बघताच बोलला. त्याचा पायही लढाईत गेला नव्हता. चिखलात रुतलेली तोफ ढकलताना चाक पायावरून गेलं होतं, तेही आपल्याच तोफेचं. हे पहिल्या खेपेला कारकुनाला सांगितलं, तर तो म्हणाला, बाजूला का झाला नाहीस? म्हणून मग पुलाची गोष्ट पुढे केली. "लोकांना पाय नको असतो गड्या, गोष्ट हवी असते. मी तुला ओळखत नाही. तू मेलेला आहेस, तसाच राहा." एवढं बोलून तो टकटक करत बाहेर गेला.

दुपारी कोर्ट भरलं. न्यायाधीशसाहेब जेवण चांगलं झाल्यामुळे खुशीत होते. पॅस्कोचं नाव पुकारलं गेलं. त्याने डावा हात बायबलवर ठेवून शपथ घेतली. मागच्या भिंतीलगत वर्षासन घ्यायला आलेल्यांच्या बाकावर बार्टल कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. टॅमसिनने त्याला पाहिलं होतं आणि तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

साहेबांनी पॅस्कोचा हात उचलून पाहायला सांगितला. कारकुनाने तो उचलला आणि सोडला. हात खाली पडला. याबद्दल कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती.

"कुणी मारलं?" साहेबांनी विचारलं.

पॅस्कोने इथे काय सांगायचं याचा विचार केला नव्हता. शपथ तर घेतली होती. "धुकं होतं, साहेब. अंधार पडत आला होता. त्यानं शब्द विचारला, मी सांगितला. मग हात गेला."

"पाहणारा माणूस आहे का?"

टॅमसिनने त्याच्या पाठीत कोपर रोवलं. त्याने मागे वळून बाकाकडे पाहिलं. एक बोट दाखवायचा अवकाश होता. बार्टल खाली जमिनीकडे बघत होता, मार खाण्याची वाट पाहणाऱ्या पोरासारखा. पॅस्कोला वाटलं, या माणसाचा पाय काही कुणी परत देणार नाही. त्याच्याकडे होती ती एक गोष्ट, तीही आपण काढून घ्यायची? आणि मग शिडीवरची टॅमसिन त्याच्या डोळ्यांसमोर आली. दोन्हीही खरं होतं, आणि बोट काही उचललं जाईना.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी खांदे उडवले. कारकुनाने लेखणी उचलली. तेवढ्यात मागे कुबडी जमिनीवर आपटली.

"मी पाहिलं," बार्टल म्हणाला.

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे, बार्टल. तू पण तिथंच होतास, नाही का. किती जवळून पाहिलंस?"

"हातभर अंतरावर होतो, साहेब."

"मग मारणारा कोण होता, सांग बघू."

बार्टलने तोंड उघडलं आणि मिटलं. पॅस्कोला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. बार्टल आता खरं बोलणार, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी बोलू नकोस असंही वाटलं. पण साहेबांना वाट पाहवेना. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती आणि तिचा हरवलेला तुकडा सापडल्याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

"तोच ना तो बंडखोर? तू नदीत टाकलास तो? यानं आपला शब्द सांगितला, त्यानं याला मारलं, आणि मग तू त्याला गाठलंस. बरोबर?"

बार्टलने पॅस्कोकडे पाहिलं. पॅस्कोने मान हलवली नाही, पण नजरही काढून घेतली नाही.

"बरोबर, साहेब," बार्टल म्हणाला. "तोच."

"मेला ना तो?"

"मेला, साहेब."

कोर्टात कौतुकाची कुजबुज झाली. साहेबांनी हुकूम सांगितला, कारकुनाने लिहून घेतला, आणि पॅस्को ट्रेननला वर्षासन मंजूर झालं. टॅमसिनने ओठ घट्ट आवळून धरले. तिचे डोळे भरून आले होते, पण ते कुणाला दिसू नये म्हणून ती छताकडे बघत होती. पॅस्कोला आनंद झाला, खूप झाला. त्याच आनंदात त्याला हेही कळलं की अठरा वर्षं शोधलेलं उत्तर आज सापडलं आणि आजपासून ते कुणालाही सांगता येणार नाही. दारूच्या गुत्त्यात नाही, शेजाऱ्यांना नाही. विचारत सुटणाऱ्या माणसाला हात गेल्याहून हे जड होतं.

"अरे, असा उभा काय राहिलास?" साहेब म्हणाले. "याच्यामुळं जिवंत आहेस तू. त्याचा हात तरी धर."

बार्टल टकटक करत पुढे आला. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. पॅस्कोचा उजवा हात वर येणार नव्हता. डावा द्यावा, तर भर कोर्टात डावा हात कसा द्यायचा, म्हणून पॅस्को गोंधळला. मग बार्टलने कुबडी सोडून दिली. ती फरशीवर पडली. एका पायावर तोल सावरत तो वाकला आणि त्याने तो लोंबणारा हात दोन्ही हातांत उचलून घेतला. तो कोसळणार असं दिसताच पॅस्कोने डाव्या हाताने त्याला काखेत धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब पुढचा कागद बघू लागले.

बार्टलने हात सोडला नाही. त्याचा अंगठा खांद्याच्या दिशेने, मोडलेल्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"दुखतो का रे अजून?" त्याने विचारलं, फक्त पॅस्कोला ऐकू जाईल इतक्या हळू.

"थंडीत," पॅस्को म्हणाला.

कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. आता बाजूला व्हायला हवं होतं, पण कुबडीशिवाय बार्टलला हलता येत नव्हतं आणि त्याला धरून ठेवल्यामुळे पॅस्कोला वाकता येत नव्हतं. टॅमसिन क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती पुढे आली, एक हात बरगड्यांवर दाबून हळूहळू खाली वाकली, कुबडी उचलली आणि बार्टलच्या काखेत नीट बसवून दिली.